पावसाचा कोट घेताना कानालाही विचारा



रोहिणी सरली आणि मृगाचे ढग दिसू लागले, की बाजारपेठेत दुकानादुकानांच्या दारात पावसाचे कोट टांगले जातात. आपण गेलेलो असतो खतासाठी, नाहीतर मोटारीचा बुश बदलायला. परत निघता निघता आठवण होते, म्हणून एक कोट ओढतो, किंमत विचारतो, दहा-वीस रुपये कमी करून घेतो आणि पिशवीत टाकतो. नागपंचमीला त्या कोटाची बगल उसवते, गणपतीत बाही लोंबते आणि दसऱ्याला तो वैरणीवर झाकण म्हणून जातो. पुढल्या मृगाला पुन्हा नवा कोट. बैल घ्यायचा तर आपण दात बघतो, चालवून बघतो. बेणं घ्यायचं तर डोळा न् डोळा तपासतो. पण जो कपडा आषाढ-श्रावणात दिवसदिवस अंगावर राहणार, त्याच्याकडे आपण धड बघतसुद्धा नाही.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत कोटाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. उसाचा दर, उतारा, तोडणीचा कार्यक्रम सोडून हे काय काढले? आम्हीही असेच म्हटले असते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदाच्या बाबतीत जे घडले ते ऐकल्यावर, या अंकात दोन पाने या विषयाला द्यावीत असे आम्ही ठरविले.

झाले असे. आषाढाची झड लागलेली. आडसाली लावण होऊन आठच दिवस झालेले. रात्री दहाच्या पुढे पाऊस वाढला, तेव्हा वरच्या रानातले पाणी लोटून आपल्या सऱ्या फुटतील या काळजीने हे सभासद फावडे घेऊन निघाले. अंगावर त्याच आठवड्यात घेतलेला जाड प्लॅस्टिकचा कोट, डोक्यावर कोटाचीच टोपी, तिची नाडी हनुवटीखाली गच्च बांधलेली, पायांत गमबूट. पाठोपाठ त्यांच्या कारभारीण बॅटरी घेऊन निघाल्या. त्यांच्या डोक्यावर सासऱ्याच्या वेळचं घोंगडं, खोळ करून घेतलेलं. जुन्या उसाच्या कडेने जाताना कारभारणीला पाच-सात पावलांवरून घोणशीचा फुत्कार ऐकू आला. त्या ओरडल्या, "अवो, थांबा! फुडं पाय टाकू नगा!" एकदा ओरडल्या, दोनदा ओरडल्या. मालक आपले चालतच राहिले. घोणशीने झेप घेतली ती गमबुटावर. बूट जाड होता म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "ही हाका मारत हुती, आणि मला वाटलं कोटच वाजतोय."

हे एक वाक्य आमच्या मनात राहिले. म्हणून यंदा कोटाविषयी लिहिताना तो गळतो का, टिकतो का, एवढेच न बघता तो वाजतो का, हाही प्रश्न आम्ही बरोबरीने घेतला आहे.

कोट वाजतो म्हणजे काय?

प्लॅस्टिकचा कागद हातात घेऊन चुरगळला की कडकड वाजतो. जुनं धोतर चुरगळलं तर वाजत नाही. कारण सरळ आहे. ताठ पापुद्रा वाकताना हळूहळू वाकत नाही. एका जागी दबतो आणि झटक्याने दुसरीकडे उसळतो. प्रत्येक झटक्याला एक टिचकी. आपण चालतो तेव्हा काखेत, कोपरात, मांडीशी अशा शेकडो टिचक्या होतात. त्यातून टोपी कानाला लागून असली, की मानेच्या प्रत्येक हालचालीचा आवाज थेट कानात. वरून थेंबांचा ताशा वेगळाच.

शहरातल्या माणसाला याचे काही वाटणार नाही. त्याला बसथांब्यापर्यंत जायचे असते. आपले तसे नाही. रात्री दारं धरणारा माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त काम करतो. पाटाचे पाणी कुठे फुटले ते आधी ऐकू येते, मग दिसते. मोटारीने हवा धरली तर आवाज बदलतो. ओढ्याला लोंढा आला तर त्याची गाज अगोदर पोचते. मागून ट्रॅक्टर येतोय, शेजारी हाक मारतोय, घोणस फुत्कारतेय, उसात रानडुकरे कडाकडा ऊस मोडताहेत, हे सगळे कानाचे काम. ते कान प्लॅस्टिकने भरून आपण अंधारात चालतो.

बैलांचेही तेच. कासऱ्याशी असलेला माणूस एकदम फडफडणारा कोट घालून पुढे आला, की नवा बैल बुजतो. अवकाळी पावसात तोडणीची भरलेली गाडी उतारावर असताना बैल बुजला तर काय होते ते गाडीवानाला विचारावे.

जुन्यांनी काय केले?

आपल्या आज्या-पणज्यांनी याच मुलखात, याच पावसात शेती केली. त्यांच्याजवळ घोंगडं होतं, इरलं होतं आणि गोणपाटाची खोळ होती.

घोंगडं दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीचं. लोकरीला स्वतःचा तेलकटपणा असतो, त्यामुळे पहिला पाऊस वरून ओघळतो. पुढे ती पाणी पिते खरी, पण आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही लोकर अंगाला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. विणकर मागावर चढवण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात. नवं घोंगडं ताठ वाटतं ते त्या खळीमुळं. चार पावसाळे गेले की ते मऊ पडतं आणि अगदी मुकं होतं. थंड देशांतही हीच युक्ती आहे. आल्प्स पर्वतातल्या ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात लोकर धुऊन, आटवून 'लोडन' नावाचे कापड करतात. तिकडचे शिकारी आणि वनरक्षक ते पिढ्यान् पिढ्या वापरतात, कारण त्याचा आवाज होत नाही.

पण घोंगड्याचे गुण गाताना त्याचा दोषही सांगितला पाहिजे. झड लागली की ते भिजून मणाचं होतं आणि वाळायला दोन दिवस घेतं. ते पांघरून फावडं चालवता येत नाही. राखणीला, दारं धरायला, मेंढरांमागे ते उत्तम. लावणीला, भांगलणीला नव्हे.

इरलं मावळात आणि कोकणात भाताच्या लावणीसाठी. बांबूच्या कामट्यांच्या जाळीत पानं बसवलेली. वाकून काम करणाऱ्याची डोकं-पाठ कोरडी, दोन्ही हात मोकळे, खालून वारा खेळता आणि कान उघडे. उंच उसात मात्र ते अडकते. म्हणून जुने तसेच्या तसे उचलावे असे आमचे म्हणणे नाही. पण त्यातले शहाणपण उचलावे: कान उघडे, हात मोकळे, आत वारा.

दुकानात काय काय मिळते?

गेल्या वर्षी आम्ही पत्रिकेच्या मंडळींनी निरनिराळे कोट आपसात वाटून घेतले आणि पावसाळाभर वापरले. त्यावरून आणि जाणत्यांना विचारून जे समजले ते क्रमाने देतो.

पहिला प्रकार नुसत्या प्लॅस्टिक कागदाचा. स्वस्त, हलका, पण उसाच्या पात्याला करवतीसारखे बारीक दात असतात हे आपल्याला सांगायला नको. मागल्या आषाढातला आडसाली ऊस या आषाढात डोक्याच्या वर गेलेला असतो. त्यातून एक फेरी मारली की या कागदाच्या चिंध्या. आणि वाजायला सगळ्यांत पुढे.

दुसरा, कापडावर पीव्हीसीचा थर दिलेला. पाण्याला पक्का, चिखल पाण्याने धुतला की जातो, सांधे उष्णतेने जोडलेले असले तर शिवणीतून गळत नाही. जड आहे, आत घाम फार येतो, उन्हात वाळवून वाळवून कडक होतो आणि घडीवर तडकतो. यात ताठ आणि मऊ असे दोन्ही येतात. आत होजिअरीसारखे विणलेले कापड असेल तर तो मऊ राहतो आणि कमी वाजतो.

तिसरा, नायलॉन किंवा पॉलिस्टरवर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. मोटारसायकलवाले बहुधा हाच वापरतात. हलका, घडी लहान. पण विणीचे नायलॉन गुळगुळीत आणि ताठ असेल तर तो सर्रर सर्रर वाजतो. याउलट ताण दिल्यावर लवणाऱ्या विणलेल्या पॉलिस्टरवर पीयू असेल, तर तो आमच्या पाहण्यातला सर्वांत शांत आणि कामाला सोयीचा. उत्तर युरोपातले कोळी आणि गाईगुरांवाले शेतकरी असलेच कपडे वापरतात. आपल्याकडे नेहमीच्या दुकानात न मिळाल्यास कारखान्यांना सुरक्षेचे सामान पुरविणाऱ्या दुकानात चौकशी करावी.

चौथा, सुती कापडाला रबर लावलेला. ही फार जुनी विद्या. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबर घालून १८२३ साली तिचे पेटंट घेतले. आपल्या देशात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली बंगालमध्ये हा उद्योग उभा केला. 'डकबॅक' हे नाव घरोघर माहीत झाले ते त्यातूनच. हा कोट जड आणि गरम, पण भारदस्त आणि मुका. डिझेल व तेल मात्र रबराचे वैरी. इंजिनावर काम करताना तो घालू नये.

पाचवा, महागातला. यात कापडाच्या आत अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा असतो. पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. १९७६ साली अमेरिकेत 'गोरटेक्स' नावाने असे कापड बाजारात आले. थंड, कोरड्या हवेत ते फार गुणाचे. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. आपल्या श्रावणात बाहेरच दमटपणा भरलेला. त्यात फावडे मारणाऱ्याचा घाम तो पापुद्रा किती काढणार? शिवाय यांतले बरेच कोट कुरकुरीत वाजतात. आपल्या कामाला तेवढे पैसे घालावेत असे आम्हांस वाटत नाही. काखेत आणि पाठीवर हवा जायला झडप असलेला साधा कोट आपल्याला जास्त उपयोगी.

जाता जाता आणखी एक. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी इंग्लंडात मँचेस्टर येथे नुसत्या सुताचे घट्ट विणीचे कापड तयार केले. त्याला 'व्हेंटाइल' म्हणतात. भिजले की सूत फुगते आणि वीण बंद होते. बैलगाडीचे लाकडी चाक पाण्यात फुगून धाव घट्ट बसते ना, तोच न्याय. हे कापड अजिबात वाजत नाही. किंमत मात्र आपल्या आवाक्यातली नाही. सांगण्याचे कारण इतकेच, की आवाज न करणारा पावसाळी कपडा हे आमच्या डोक्यातले खूळ नव्हे.

आकड्यांचा अर्थ

चांगल्या कोटाच्या चिठ्ठीवर 'इतके मि.मी.' असे लिहिलेले असते. त्याला घाबरू नये. पंपाचे हेड ज्याला कळते त्याला हे कळते. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात आणि पाणी झिरपू लागेपर्यंत त्याची उंची किती झाली ते मोजतात. १५०० मि.मी. म्हणजे दीड मीटर पाण्याचा दाब सोसणारे कापड. नुसत्या पावसाला एवढे पुरते. पण आपण खताचे पोते खांद्यावर घेतो, ओल्या बांधावर टेकतो, ट्रॅक्टरच्या भिजल्या सीटवर बसतो, तिथे दाब कितीतरी वाढतो. म्हणून कोट ५००० च्या घरातला आणि विजारीची बैठक त्याहून बळकट असावी.

दुसरा आकडा डेनियरचा. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. सत्तर डेनियरचे कापड शहरात चालेल. उसात वावरायचे तर दोनशेच्या पुढचे बघावे.

दुकानातच करायच्या चार परीक्षा

चिठ्ठी नसली तरी हरकत नाही. दुकानदार ओळखीचा असला तर तो या परीक्षांना नाही म्हणणार नाही.

एक, कान-परीक्षा. कोटाची बाही कानाजवळ धरून दोन्ही हातांनी चोळा. मग कोट अंगात घालून, टोपी चढवून चार पावले चाला आणि बरोबरच्या माणसाला मागून हळू हाक मारायला सांगा. हाक ऐकू आली नाही तर कोट परत टांगा.

दोन, फुंकर. कापड तोंडाला घट्ट लावून जोराने फुंका. पलीकडे हवा लागली तर पाणीही येणार.

तीन, शिवण. कोट उलटा करून शिवणी बघा. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे एक गळती. आतून पट्टी चिकटवलेली हवी, नाहीतर सांधा उष्णतेने जोडलेला हवा. घरी आल्यावर बाहीचे टोक बांधून तीत तांब्याभर पाणी ओता आणि दहा मिनिटे धरा. गळली तर पावती घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकान गाठा.

चार, घडी. एका जागी दहा वेळा उलटसुलट घडी घालून नखाने दाबा. पांढरी रेघ उमटली किंवा पापुद्रा सुटला तर तो कोट दुसरा पावसाळा बघणार नाही.

शिवण कशी असावी?

अखंड घोळदार पोंचो किंवा झूल आपल्या कामाला नको. हे आम्ही निक्षून सांगतो. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. लोंबणारे टोक त्यात सापडले तर हात मागे घ्यायलासुद्धा सवड मिळत नाही. इंजिनाचा पट्टा, कडबाकुट्टी, रोटाव्हेटर, सगळीकडे हाच धोका. तेव्हा मांडीपर्यंतचा कोट आणि वेगळी विजार हीच जोडी घ्यावी. मनगटाला इलॅस्टिक आतून असावे. लोंबत्या नाड्या कापून टाकाव्यात आणि तिथे टिचबटण लावून घ्यावे.

टोपी सुटी करता येणारी असावी. पाऊस बेताचा असेल तर ती मागे टाकून रुंद काठाची टोपी घालावी. काठामुळे तोंडावर पाणी येत नाही आणि कान उघडे राहतात. पावसाचा मारा मोठा असेल तेव्हा आत डोक्याला सुती टॉवेल गुंडाळून वर कोटाची टोपी सैल ठेवावी. टॉवेलामुळे प्लॅस्टिक कानाला घासत नाही. हनुवटीखाली आवळून बांधू नये.

रंग उठून दिसणारा घ्यावा. पिवळा, केशरी चांगला. गडद हिरवा कोट उसात दिसत नाही, आणि रात्री रस्त्याने येताना गाडीवाल्याला काळा कोट दिसत नाही. पाठीवर चमकपट्टी असेल तर उत्तम.

आमच्या भगिनींचा विचार कोट शिवणारे करीतच नाहीत. लुगड्यावर पुरुषी कोट ओढून भांगलण करायची म्हणजे काष्टा भिजतो आणि घोळ पायांत येतो. कमरेपर्यंतचा आखूड कोट आणि पुढून-मागून गुडघ्यापर्यंत येणारा, कमरेला बांधायचा पट्टा अशी जोडी शिंप्याकडून शिवून घेता येते. ताडपत्री शिवणाऱ्याकडे तिचे सांधेही चिकटवून मिळतात. ज्या बायकांनी ती वापरली त्यांनी पुन्हा खोळ घेतली नाही.

बूट विसरू नका

वर सांगितलेल्या प्रसंगात जीव वाचवला तो बुटाने. गमबूट पोटरीपर्यंतचा, जाड रबराचा, तळ खाचेदार असावा. तो घालण्याआधी रोज उलटा करून आपटावा. आत विंचू, साप बसलेला असू शकतो. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतापासून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो आणि तो पायाच्या जखमेतून शिरतो. ऑस्ट्रेलियातील उत्तर क्वीन्सलंडमध्ये १९३४-३५ साली ऊसतोड कामगारांनी याच रोगापायी संप केला होता, आणि तोडणीआधी ऊस जाळावा ही त्यांची मागणी होती. आपल्यालाही पायाची भेग उघडी ठेवून सरीत उतरणे परवडणारे नाही.

कोटाच्या भरवशावर काय करू नये?

कोट म्हणजे चिलखत नव्हे. कोट आणि बूट घातले म्हणून ओल्या हाताने स्टार्टर पेटीला हात लावू नये. नदीला पूर चढताना मोटारी वर काढायची धांदल आपण २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत पाहिली. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे गमबूट घालून उतरू नये; बुटात पाणी भरले की पाय उचलत नाही. पावसाचा कोट घालून औषध फवारू नये, आणि फवारणीचा कोट पावसात घालू नये. औषध कापडात मुरते आणि पुढे घामावाटे अंगाला लागत राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, ते विसरता येत नाही.

आणि मण्यार फुत्कारत नाही. कान कितीही उघडे असले तरी हातात बॅटरी आणि काठी पाहिजेच. दंश झालाच तर बांधणे, कापणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता पाय न हलवता तडक दवाखाना गाठावा. प्रतिविषाचे इंजेक्शन हाच इलाज.

इथे एक शंका येईल. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबटे उसातच राहतात, तिथेच पिले देतात. तोडणीच्या वेळी फडात पिले सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशा ठिकाणी आवाज करत चालावे असे सांगतात. मग कोट वाजला तर बरेच की! आमचे उत्तर असे. आवाज जरूर करावा, पण तो आपण करावा. मोठ्याने बोलावे, काठी आपटावी, मोबाइलवर गाणी लावून तो खिशात ठेवावा, पण कानाजवळ नव्हे. बिबट्याला आपली चाहूल लागावी आणि आपल्यालाही त्याची लागावी. कानाशी वाजणारा कोट आपल्यालाच बहिरे करतो. एकट्याने जाऊ नये आणि उसाच्या कडेला वाकून, बसून काम करताना दुसऱ्याने उभे राहून लक्ष ठेवावे.

कोट टिकवायचा कसा?

चिखल साध्या पाण्याने धुवावा. कपड्याच्या पावडरीने धुतल्यास पाणी झटकण्याचा गुण जातो. इस्त्री करू नये. उन्हात न वाळवता पडवीत, वाऱ्यावर, जाड काठीवर टाकून वाळवावा. खिळ्याला टांगला तर मानेपाशी फाटतो. ओला कोट घडी करून पेटीत ठेवला की पीयूचा थर चिकट होऊन पापुद्रे सुटतात. रबराच्या कोटाला पावसाळा संपल्यावर शंखजिऱ्याची पूड लावून सैल गुंडाळी करावी. त्याला भोक पडले तर सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा पुरतो. उंदरापासून जपावा, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी हिशेब

चांगला कोट नेहमीच्या कोटाच्या तिप्पट-चौपट किमतीचा पडतो, हे आम्हांस ठाऊक आहे. पण साधा कोट एका पावसाळ्याचा. चांगला, नीट ठेवला तर, चार-पाच पावसाळ्यांचा. म्हणजे पैशाला पैसा बरोबर होतो. फरक पडतो तो दुसरीकडे, आणि तो पैशात मोजण्यासारखा नाही.

आणखी एक सांगून थांबतो. कोट घेताना तो आपल्या एकट्यासाठी घेऊ नये. आपल्या रानात सालगडी असतो, रोजंदारीच्या बाया असतात, लावणीचे टोळके असते. त्यांच्या डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ आणि पाय अनवाणी, आणि मालक मात्र कोट-बुटात, हे सहकाराच्या नावाने चालणाऱ्या आपल्या मुलखाला शोभत नाही. घोणशीला सभासद आणि बिगर-सभासद कळत नाही.

ज्या कारभारणीने हाका मारल्या त्यांना आम्ही विचारले, "यंदा मालकांना कोणता कोट घेणार?" त्या म्हणाल्या, "कसला बी घ्या, पण मी आधी मागनं हाक मारून बघनार."

बाजाराला जाताना एवढे लक्षात ठेवावे. आणि आपण वापरलेल्या कोटाचा बरा-वाईट अनुभव गटाच्या ऑफिसात शेतकी कर्मचाऱ्याजवळ किंवा पत्राने आम्हांस जरूर कळवावा. पुढल्या अंकात तो छापू.

हा पावसाळा सर्वांस सुखाचा जावो.